चाळिसाव्या दिवसाचा पाव

आदल्या दिवशी, म्हणजे जानेवारीतल्या त्या मंगळवारी, काहीच घडलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर सगळे मला तेच विचारत राहिले. काही जाणवलं होतं का, ती काही बोलली होती का.

सकाळी नऊच्या सुमाराला आई बेकरीच्या मागच्या दारानं आली. पुढचं दार गिऱ्हाइकांचं, असं ती म्हणायची. तिनं ट्रायसिकल रिक्षातून टोपली स्वतःच उतरवून आणली होती, मला हाक न मारता. टोपलीत आठ-दहा किनाम्पाय होती, आमच्या बेटावरच्या कातळात होणारी कोनफळं. मुठी वळल्यासारखी वेडीवाकडी, वरून मातकट, आत गर्द जांभळी. टोपली टेबलावर ठेवताना त्यातलं एक निसटून फरशीवर पडलं. तिनं वाकून ते उचललं, माती पुसली, ओठांना लावलं आणि काहीतरी पुटपुटली. आमच्या बोहोल बेटावर सगळेच असं करतात. दुष्काळाच्या वर्षी याच कंदांनी माणसं जगवली, म्हणून कोनफळ हातून पडलं तर त्याची माफी मागायची. लहानपणी मीही मागायचे.

उर्बानोनं तिला कॉफी दिली. उर्बानो आमचा भट्टीवाला, पन्नाशीचा, आईपेक्षा माझ्यावर जास्त आवाज चढवणारा. नुकत्याच निघालेल्या लादीतला एक गोड पाव मी तिच्यापुढे ठेवला. तिनं तो तोडला, आतला जांभळा रंग उजेडात धरून पाहिला, नाकाशी नेला आणि मग खूप वेळ चावत राहिली.

मी सवयीनं विचारलं, कसा झालाय.

"छान. रंग बघ कसा धरलाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तू खाऊन बघ ना, इंदाय. कोनफळ लागतंय ना?" इंदाय म्हणजे पोरी.

"लागतंय की."

"मग ठीक आहे."

कॉफी संपवून ती उठली. जाताना दारातून म्हणाली, टोपली झाकून ठेव, उंदीर लागतील. मी वाचलेल्या पुस्तकांतली माणसं जाण्याआधी काहीतरी बोलून जातात. माझ्या आईचं माझ्याशी शेवटचं बोलणं उंदरांविषयी होतं. आणि त्याच्या आधीचं, कोनफळ लागतंय ना, हे होतं. त्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं होतं.

त्या पावात तिचं कोनफळ नव्हतं. तीन वर्षं नव्हतं.

सेबू शहरातली ग्रंथालयाची नोकरी सोडून मी गावी परतले तेव्हा बेकरी काढायची कल्पना माझी, आणि पाटीवरचं नाव उर्बानोनं सुचवलेलं: 'ओनोराताच्या कोनफळाचा पाव'. आईचं नाव पाटीवर लागलं त्या दिवशी ती चर्चला जावं तशी पांढरी ओढणी घेऊन आली होती. पहिले दोन महिने मी खरंच तिची कोनफळं वापरली. उकडून, कुटून, नारळाच्या दुधात आणि साखरेत घोटून हलाया करायचा. थोडा कणकेत मळायचा, थोडा आत भरायचा. कढईत असताना त्याचा रंग डोळ्यांत भरायचा. भट्टीतून निघाला की पाव राखाडी. जांभळं धुतलेल्या पाण्यासारखा. गिऱ्हाइकं लादीकडे बघून विचारायची, कालचे आहेत का. समुद्राकडच्या हॉटेलांत उतरलेली माणसं फोनमध्ये गडद जांभळ्या पावांचे फोटो दाखवायची आणि असा आहे का म्हणायची.

मग मी कोनफळाच्या कृत्रिम रंगाची आणि वासाची बाटली आणली. आधी चार थेंब रंगाचे, मग चार थेंब वासाचे. कोनफळानं कणीक जड होते, कधी फुगते, कधी बसून राहते, म्हणून कोनफळ निम्मं केलं. मग त्याजागी उकडलेलं पांढरं रताळं घातलं. ते स्वस्त पडतं म्हणून नव्हे, रोज एकसारखं वागतं म्हणून. पुढच्या हंगामापर्यंत पावात फक्त बाटली आणि रताळं उरलं. पाव सुंदर निघायला लागला. आणि आई दर आठवड्याला टोपली आणत राहिली.

टोपल्या मागच्या खोलीत साठत गेल्या. कोनफळांना कोंब आले, काही आतून काळी पडली. एक दिवस उर्बानो म्हणाला, सडलेली माझ्या डुकरांना नेऊ का. मी म्हटलं, सडलेलीच ने. पुढे त्यानं विचारणं सोडलं आणि मी बघणं. जमिनीवर पडलं तर ज्याची माफी मागायची, ते मी पोत्यानं डुकरांपुढे पाठवत होते. सांगायचं मी बरेचदा ठरवलं. पण आई त्या पावाच्या पिशव्या भरून नातेवाइकांकडे, धर्मगुरूंकडे, दवाखान्यातल्या नर्सकडे न्यायची आणि म्हणायची, हा माझा. पावात एवढं दूध, लोणी, साखर असते की कोनफळ आहे की नाही हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. लक्षात येईल अशी एकच जीभ गावात होती. ती काही बोलत नव्हती, त्यावरून तिला कळलं नाही असं मी धरून चालले.

बुधवारी सकाळी ती पहार घेऊन कातळावरच्या वाफ्यात गेली. तिची धाकटी बहीण क्रिसांता मावशी तिला डबा द्यायला गेली तेव्हा आई दगडी बांधाला टेकून बसलेली होती, पहार मांडीवर, तोंड एका बाजूला ओढलेलं. शहरातल्या दवाखान्यात नेताना वाटेतच, पुलाच्याही आधी, ती गेली. मी पोचले तेव्हा माझ्या हातांना कणीक लागलेली होती.

सात दिवस तिची शवपेटी घरात होती. या दिवसांत आमच्याकडे झाडू मारत नाहीत. बेकरी आणि घर एकाच छपराखाली, त्यामुळे मैदा सगळीकडे पसरत गेला, आणि रात्रंदिवस येणाऱ्या माणसांच्या पायांचे ठसे त्यात उमटत राहिले. आलेल्यांना कॉफी आणि पाव द्यावा लागतो. उर्बानो भट्टी चालवत होता, बाटलीचाच पाव काढत होता. माणसं शवपेटीशेजारी बसून तो खायची आणि डोळे पुसत म्हणायची, बघा, ती गेली पण तिचं कोनफळ अजून आपल्या तोंडात आहे. मी मान हलवायचे. सात दिवसांत किती वेळा हलवली असेल.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर मावशीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, की बहिणीनं शेवटच्या दिवशी खणलेली कोनफळं तिनं माळ्यावर राखेत जपून ठेवली आहेत. चाळिसाव्या दिवशी त्यांचेच पाव होतील. वेना करेल. वेना म्हणजे मी, रोवेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी माझा खांदा दाबला.

माणूस गेल्यावर चाळीस दिवस त्याचा आत्मा घराभोवतीच असतो, चाळिसाव्या दिवशी जेवून निघतो, असं आम्ही मानतो. मी मानते की नाही हे मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. एवढं खरं, की त्या दिवसांत मी मागच्या खोलीत पाय ठेवला नाही आणि बाटली उघडताना दाराकडे पाठ करायला लागले.

तिसाव्या दिवशी मावशी टोपली घेऊन आली. अकरा कोनफळं. एकावर पहारीचा घाव होता, ताजा असताना आतलं जांभळं बाहेर आलेलं, आता सुकून काळं पडलेलं.

त्या टोपलीनं माझी झोप उडाली. खरी कोनफळं वापरली तर पाव राखाडी निघणार, जड निघणार, आणि पहिल्या घासाला सगळ्यांना कळणार की तीन वर्षं आपण खाल्लं ते हे नव्हतं. तिच्या चाळिसाव्याला, तिच्या माणसांसमोर, तिची पाटी खोटी ठरणार. बाटली वापरली तर कुणालाच काही कळणार नाही. पण तिच्यासाठी मांडलेल्या शेवटच्या ताटात मी पुन्हा तेच खोटं वाढणार.

उर्बानोला यात अडचणच दिसत नव्हती. झाकली मूठ झाकलेली बरी, तो म्हणाला, मेलेली माणसं चावत नाहीत. पण मी सकाळचे पाव काढून झाल्यावर भट्टी निवायच्या आत एक लादी लावू का म्हटलं, तर कुरकुरत का होईना, त्यानं लाकडं सरकवली.

पहिल्या दिवशी मी एकच कोनफळ घेतलं. पाणी लागू नये म्हणून उकडण्याऐवजी वाफवलं. कणीक फुगावी म्हणून चिमूटभर सोडा घातला. लादी निघाली ती शेवाळासारखी हिरवट. सोड्यानं हा रंग हिरवा होतो हे मी कधीतरी वाचलं होतं आणि विसरले होते. उर्बानो लांब दांड्याच्या फळीवरून ती लादी माझ्याकडे सरकवत म्हणाला, हे बघून आत्मा चाळिसाव्याची वाट न बघता आजच निघेल.

दुसऱ्या दिवशी आंबट घातलं तर रंग टिकेल म्हणून कालामान्सी लिंबू पिळलं. पाव गुलाबी झाले, बाहुलीच्या खेळण्यातल्या केकसारखे. उर्बानोनं एक उचलून स्वतःच्या नाकावर ठेवला. मी हसले, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

नऊ कोनफळं उरली. लादी दोनच डझनांची, पण दर वेळी टोपलीतून एक उचलताना मला वाटायचं, हे चुकलं तर हे पुन्हा कुणी खणून आणणार नाही. रात्री डोळे मिटले की मी मोजत बसायचे, किती उरली, किती दिवस उरले.

छत्तिसाव्या दिवशी दुपारी मावशी मदतीला आली. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर कोनफळं सोलत बसलो. तिला गप्प बसवत नाही. शेजारणीच्या सुनेपासून धर्मगुरूंच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगून झाल्यावर ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "एक सांगू का तुला? ओनोरनं सांगू नको म्हटलं होतं. पण आता काय."

मी सोलत राहिले.

"शेवटी शेवटी तिला चव लागत नव्हती."

"कसली?"

"कोनफळाची. तुझा पाव खायची आणि मला म्हणायची, सांता, मला यात कोनफळच लागत नाहीये गं. साखर लागते, दूध लागतं, पण ते लागत नाही. मी म्हटलं, पोरगी कमी घालत असेल. तर माझ्यावर अशी उसळली की आठवडाभर बोलली नाही. म्हणाली, माझी वेना माझ्या टोपल्या मोजून घेते, माझीच जीभ मेली आहे."

शेवटच्या वर्षभरात आईनं काय काय केलं ते मावशीनं सांगितलं. सकाळी जिभेवर मीठ घासायची. आल्याचा तुकडा चघळायची. मावशीला घेऊन सेबूला डॉक्टरकडे गेली, मला मात्र लग्नाच्या बोलावण्याला जाते म्हणून सांगितलं. ते लग्न मला आठवलं. कसं झालं म्हणून मी विचारलंही होतं, आणि तिनं जेवणाचं वर्णन केलं होतं. डॉक्टरनं जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरी मारली आणि म्हणाला, वय झालं की होतं असं. परतताना बोटीच्या धक्क्यावर बसून ती रडली.

"घरी उकडलेलं खाल्लं तर लागायचं का तिला?" मी विचारलं. 

"आधी लागायचं. म्हणायची, घरी लागतं मग पावातलंच का नाही. मग घरचं खातानाही थांबायची. म्हणायची, सांता, हे मला खरंच लागतंय की आठवणीनं लागतंय, कळत नाही. साठ वर्षं कोनफळं पिकवणारी बाई, आणि मला विचारायची, तू खाऊन सांग." मावशीनं नाक ओढलं. "तुला कळू द्यायचं नव्हतं तिला. पोरगी एवढी खपते, तिला कळलं की आईला तिच्या हातची चवच लागत नाही, तर मोडून पडेल म्हणाली."

माझ्या हातातलं कोनफळ सोलून सोलून सुपारीएवढं उरलं होतं. मावशीनं ते काढून घेतलं आणि म्हणाली, लक्ष कुठे आहे तुझं, शेवटची आहेत ही.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आम्ही दोघीच होतो, दुपार होती, समोर वाळत घातलेल्या कपड्यांत कुणाचेही कान नव्हते. वाक्य तयार होतं, तोंडापर्यंत आलंही. मी विचारलं, पाणी आणू का.

त्यानंतरचे चार दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो फक्त प्रत्येक पाव तोडताना कानात ऐकू येणारा तिचा प्रश्न. मी अनेकदा कल्पना केली, ती भट्टीशेजारी बसून पाव चावते आहे, जिभेवर फिरवते आहे, डोळे मिटून शोधते आहे. जे तिथे नाहीच ते शोधते आहे, आणि सापडत नाही म्हणून स्वतःला म्हातारी ठरवते आहे. मी समोर उभी राहून म्हणते आहे, लागतंय की.

अडतिसाव्या दिवशी मी सगळे उपाय सोडून दिले. सोडा नाही, आंबट नाही, थेंब नाही. वाफवलेलं कोनफळ कढईत मंद आचेवर इतका वेळ परतलं की ते कडा सोडायला लागलं, पाणी पार आटलं. कणीक दुप्पट वेळ मळली आणि निम्म्या घाईनं फुगू दिली. पाव निघाले ते ठेंगणे, राखाडी, वर एकदोन ठिकाणी चिरलेले. पण भट्टीचं दार उघडल्याबरोबर जो वास आला, त्यानं उर्बानो फळी हातात धरून तसाच उभा राहिला. थोडा भाजलेल्या खोबऱ्यासारखा, थोडा फुलासारखा. हा वास बाटलीत येत नाही. मला तो आईच्या स्वयंपाकघरातून आठवत होता आणि तीन वर्षांत मी त्याला बेकरीत येऊ दिला नव्हता.

उर्बानोनं एक पाव सगळा खाल्ला. एरवी तो एक घास चाखून उरलेला ठेवून देतो. हात झटकून म्हणाला, "हे मी डुकरांना घालत होतो?"

 संध्याकाळपर्यंत त्यानं माझी एकदाही थट्टा केली नाही. त्याच्या थट्टेपेक्षा हे जास्त लागलं.

आणि तरीही मी पळवाट काढली. चाळिसाव्या दिवशी पहाटे मी दोन प्रकारचे पाव लावले. पाहुण्यांसाठी पाच लाद्या बाटलीच्या, जांभळ्याधमक. आईच्या ताटासाठी एक खरा, राखाडी, वेगळ्या बशीत, रुमालाखाली. तिला खरं मिळेल, लोकांना नेहमीचं मिळेल, कुणाचंच काही बिघडणार नाही. उरलेले खरे पाव मी कपाटात लपवले. उर्बानोनं दोन्ही बघितलं.

"एकीला खरा आणि पन्नास जणांना खोटा," तो म्हणाला. "आईशी ती मेल्यावरच खरं बोलणार होतीस की काय?"

मी त्याला म्हटलं, लाकडं बघ.

दहा वाजता घर भरलं. टेबलावर पांढरं कापड, आईचा फोटो, मेणबत्ती, आणि समोर तिचं रिकामं ताट, शेजारी काटा-चमचा, पाण्याचा पेला. दारं-खिडक्या सगळ्या उघड्या. प्रार्थना सांगायला पासिता आजी आल्या होत्या. गावातल्या प्रत्येक मेलेल्याला याच निरोप देतात, आणि एकही ओळ गाळत नाहीत. त्यांच्या मागून सगळे एका सुरात उत्तर देत होते. मी मागे उभी राहून ओठ हलवत होते. नजर टेबलावरच्या मोठ्या परातीत रचलेल्या जांभळ्या पावांवर होती, आणि हातात रुमालाखालची बशी. ती अर्ध्या तासात इतकी जड झाली की मी ती एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

शेवटची प्रार्थना संपली. पासिता आजींनी खूण केली, आता तिला वाढा. हे झाल्याशिवाय कुणी जेवत नाही. मी पुढे झाले आणि रुमाल काढला.

"हे काय?" आजींनी चष्म्यावरून बशीत पाहिलं.

तिच्यासाठी वेगळा केलाय, मी म्हटलं.

"वेगळा? वेगळं वाढत नाहीत, बाई. जे सगळ्यांना ते तिला. निराळी बशी दिसली तर तिला वाटेल, घरच्यांनी आपल्याला वेगळं काढलं. मग ती जायची कशी?" त्यांनी बशी माझ्या हातातून घेतली, राखाडी पावाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि बाजूच्या स्टुलावर ठेवून दिली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, करपलेला दिसतोय.

मावशी तोवर परातीजवळ पोचली होती. सगळ्यांत वरचा, सगळ्यांत गोल, सगळ्यांत जांभळा पाव तिनं निवडला. तो दोन्ही हातांत धरून फोटोसमोर आली. तिचा चेहरा ओला होता आणि ती हसत होती.

"घे, ओनोर," ती म्हणाली. "चव लागली नाही तरी चालेल. तुझाच आहे."

आणि तिनं तो ताटात ठेवला.

खोलीत सगळे हात परातीकडे जायला निघाले होते. मी मावशीचं मनगट धरलं. फार घट्ट धरलं असणार, कारण तिनं दचकून माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, काय झालं गं. पासिता आजी म्हणाल्या, तिला बसवा कुणीतरी, उपाशी आहे ती. उर्बानो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो पुढे आला नाही, मागेही गेला नाही.

मी मावशीचा हात सोडला आणि ताटातला पाव उचलला. ताट पुन्हा रिकामं झालं. मावशीला सांगणं सोपं गेलं असतं, आजींना सांगणंही. मी फोटोकडे वळले.

"आई," मी म्हटलं. पाव फोटोसमोर धरला. "आई, हा तुझा नाही. तीन वर्षं तू खाल्लास तोही तुझा नव्हता. त्यात रताळं होतं आणि बाटलीतला रंग होता. तुझी कोनफळं मी डुकरांना घातली. तू मला विचारलंस, लागतंय ना, आणि मी हो म्हटलं. लागत नव्हतं, कारण त्यात ते नव्हतंच. तुला बरोबर कळत होतं, आई. शेवटपर्यंत बरोबर कळत होतं. तुझ्या जिभेला काही झालं नव्हतं."